चार्जरच्या बदल्यात दोन छत्र्या

सावंतवाडीच्या गाडीवाल्याने मला फसवलं.

मी मालवणात होड्यांची इंजिनं विकतो. सायकलवर जाळी विकण्यापासून सुरुवात केली, पण सांगितलेल्या भावात आजवर सुतळीही घेतलेली नाही. विजेची गाडी घेतानाही शोरूमच्या पोराला दोन चहा होईपर्यंत घुसळलं. भाव हलेना. शेवटी मीच म्हणालो, "तो भिंतीवरचा चार्जर तुझ्याकडेच ठेव. साध्या बोर्डावर चालते ना गाडी? मग त्याच्याऐवजी काय देतोस?"

"सीट कव्हर, पायपुसणी आणि दोन छत्र्या. घ्या काका."

पोरगा लुटला गेला म्हणून मला वाईटसुद्धा वाटलं.

गाडी घेऊन थेट आरोंद्याला, सासुरवाडीला जायचं होतं. माझ्या लग्नाच्या बोलणीत सासरे भर ओटीवर म्हणाले होते, "ह्यो सायकलवालो खंय पोचतलो?" त्याचं उत्तर मला त्याच ओटीसमोर उभं करायचं होतं. पण अशी गाडी वाट वाकडी करून नातेवाइकांना दाखवल्याशिवाय कशी न्यायची? कुडाळ झालं, वेंगुर्ला झालं, सगळ्यांना एसीची हवा खाऊ घालून झाली.

"अवो, बॅटरीचो आकडो खाली जाता," सुमन म्हणाली. सुमन माझी बायको. पण आरोंद्याला निघाली की माहेरच्यांच्या बाजूची.

"उतारार चढतलो." उतारावर बॅटरी भरते, असं पोरगा म्हणाला होता. (तो घाटाबद्दल बोलत होता. वेंगुर्ल्याहून आरोंद्याला घाट कुठला?)

आरोंद्यात शिरलो ते शानीतच. शेजारी कुंपणाशी आले. गाडी आवाज न करता ओटीसमोर थांबली आणि तिथून हलायला तयार होईना. सासरे काठी टेकत आले, गाडीभोवती एक फेरी मारली.

"पोचल्यात, जावयानू. आता परत कशे जातल्यात?"

त्या घरात जाड पिनेचा बोर्ड एकच, त्यावर फ्रीज, आणि फ्रीजमध्ये जावयासाठी आणलेले टोपलीभर बांगडे. फ्रीज काढून गाडी लावली. आकडा मुंगीच्या चालीने चढू लागला. मेहुण्याने, बबनने, बोनेटवर नारळ ठेवला आणि हात जोडून देवाला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, जावयाची नवी गाडी तुझ्या दारात येवन बसली हा..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"तिच्या पोटात वीज भर..."

"व्हय म्हाराजा."

"आणि तोपर्यंत आमच्या बांगड्यांका सांभाळ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज सुमनचा.

देवाने गाडीचं ऐकलं, बांगड्यांचं नाही. ते सगळे त्याच दिवशी रांधावे लागले, आणि दुसऱ्या दुपारपर्यंत अख्ख्या वाडीने माझ्या गाडीच्या नावाने जेवून घेतलं. सासऱ्यांनी मागच्या सीटवर बसून सुपारी कातरली. "बसूक बरी आसा," म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे सत्कारच. मी तो घेतला.

पण शोरूमच्या त्या पोराला मी सोडणार नाही. उभा जन्म बाजारात घालवलेल्या माणसाशी घासाघीस करताना तो एवढ्या पटकन "घ्या काका" म्हणालाच कसा? मला जबाब हवा. छत्र्या परत मिळणार नाहीत.