काटेरी माशाचं पहिलं गिऱ्हाईक

मासळीबाजारात त्यांना सगळे वहिनी म्हणत. लग्नाआधी त्या शिवणकाम करायच्या. सासूबाईंच्या मागे मासळीचा ओटा अंगावर पडला, पण हातातली कात्री काही सुटली नाही. मासेही त्या कात्रीनेच साफ करत. तीस वर्षं प्रवाळखडकातली मासळी विकून संसार झाला.

अलीकडे मात्र ओटा अर्धा रिकामा राही. कुठल्याशा दूरच्या समुद्रातला एक पट्टेरी, काटेरी मासा खडकात ठाण मांडून बसला होता आणि इथल्या माशांची पिल्लं फस्त करत होता. वहिनींचा धाकटा दीर पाणबुडा. तो आणि त्याचे सोबती भाल्याने हे मासे टिपत, पण विषारी म्हणून कोणी घेईना.

"उद्या खपले नाहीत तर आम्ही बंद," संध्याकाळी टोपली ठेवत दीर म्हणाला. "फुकट किती दिवस बुड्या मारायच्या?"

वहिनींनी घरीच सगळे काटे सफाचट कापले आणि सकाळी मासे नीट मांडले. गिऱ्हाईक यायचं, कुठला मासा ते विचारायचं आणि उत्तर ऐकून मागे सरायचं.

"काटे घरी ठेवून आलीस, आता विष कुठंय ते लोकांना कसं कळणार?" शेजारची कोळंबीवाली म्हणाली.

वहिनींना ते पटलं. दिराकडून त्यांनी काट्यांसकट एक ताजा मासा मागवला.

"बघा, विष फक्त या काट्यांत. काटे गेले की विषय संपला!" बोलण्याच्या भरात काटा बोटात घुसला.

"गेली बिचारी!" कोणीतरी ओरडलं.

"कुठे जाते? इथेच आहे!" डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी वहिनींनी या विषावर उतारा म्हणून थर्मासमधलं सोसवेल इतकं गरम पाणी पातेल्यात ओतलं, हात बुडवला आणि दुसऱ्या हाताने मासा घेऊन आलेल्या दिराला खूण केली. त्याने मासा साफ केला, कोळंबीवालीने स्टोव्हवर तुकडे तळले. पहिला तुकडा वहिनींनीच खाल्ला. सगळा बाजार त्यांच्या तोंडाकडे बघत उभा.

"काय बघताय? मीठ कमी आहे, एवढंच!"

हशा पिकला. एका पेन्शनर आजोबांनी तुकडा उचलला, डोळे मिटून चावला आणि पिशवी पुढे केली. "दोन द्या. नाही, तीन. सूनबाईला आधी सांगणार नाही."

दुपारपर्यंत टोपली रिकामी झाली. वहिनींचं बोट अजून टम्म फुगलेलं होतं.

"उद्या किती आणू?" दिराने विचारलं.

"खडकात एकही ठेवू नका," वहिनी म्हणाल्या.