दाराआड कोण होतं

पदाजीकाका कोणी हाक मारलेली नसताना ओ द्यायचे. डबा खाता खाता हातातला घास तोंडाशीच थांबवून 'ओ, आलो' म्हणायचे, उठून दाराबाहेर डोकावायचे. बाहेर कोणी नसायचं. मग परत येऊन, काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने भाकरी मोडायला लागायचे. महाप्याच्या त्या केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन म्हणून मी नुकताच लागलो होतो. मला वाटलं, वयाप्रमाणे कान गेले असतील. पण कान गेलेल्या माणसाला कमी ऐकू येतं. यांना जास्त ऐकू येत होतं.

नव्वदच्या दशकाची ती सुरुवात होती. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कारखाने होते आणि आम्ही नेरूळच्या नव्या सोसायटीत, भिंतींना चुन्याचा वास येत असतानाच राहायला गेलो होतो. पदाजीकाका मूळचे खाडीकाठच्या दिवाळे गावचे. त्यांचे वडील खाडीत होडी घालायचे, आई पाटी घेऊन मासे विकायची. घरातला नोकरीला लागलेला हा पहिला माणूस, आणि आता कंट्रोल रूमचा सगळ्यांत जुना ऑपरेटर. पन्नाशीचे, काळेसावळे, इस्त्रीचा युनिफॉर्म घालणारे. डब्यात सुक्या जवळ्याची चटणी असायची आणि ती खाल्ल्याशिवाय ते आम्हाला उठू द्यायचे नाहीत.

मी डिप्लोमावाला, त्यामुळे मला त्यांनी 'मास्तर' करून टाकलं. मीटरवरचा आकडा मी मोठ्या ऐटीत वाचून दाखवला की म्हणायचे, "काटा काय सांगतो त्याच्यावर जाव नको, मास्तर. पायपाला हात लाव." एकदा आमच्या साहेबांनी तो सल्ला ऐकून नाक मुरडलं, तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "सायब शिकलेला हाय. त्याचा हात भाजत नाय, आपला भाजतो." साहेबसुद्धा हसले. आणि खरं सांगायचं तर त्या वर्षात पाइपाला हात लावून काकांनी दोनदा माझी नोकरी वाचवली.

कॅन्टीनच्या वर करमणुकीची खोली होती. तिथे एक कॅरम, एक टीव्ही, एक व्हीसीआर आणि एकच कॅसेट. बाकीच्या कॅसेटी कोणी ना कोणी घरी नेल्या होत्या. ही राहिली, कारण तिचं कव्हर हरवलं होतं आणि वर कोणीतरी पेनाने 'मशीनवालं पिच्चर' लिहून ठेवलं होतं. पहिली पाळी तीनला सुटायची आणि बस पावणेचारला यायची. त्या पाऊण तासात आम्ही ते पिक्चर बघायचो. बसचा हॉर्न वाजला की कॅसेट तिथेच थांबवायची आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. तीन दिवसांत पिक्चर संपायचं आणि चौथ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. असं आम्ही ते वर्षभर पाहिलं.

गोष्ट साधी होती. दूरच्या एका चंद्रावर खाण असते. खोदकाम करणारं अवाढव्य यंत्र हळूहळू कामगारांचे आवाज शिकतं. मग बोगद्यातून एकेकाला त्याच्या नावाने हाक मारतं. जो ओ देऊन जातो तो परत येत नाही. पुढे सैनिक उतरतात, बंदुका चालतात, स्फोट होतात. दिघ्याहून येणारा आमचा फिटर सगळे गोळीबार तोंडाने आवाज काढून दाखवायचा. हे सगळं इंग्रजीत. ऐकून जेवढं कळायचं तेवढं मी मोठ्याने मराठीत सांगायचो, कळायचं नाही तिथे पदरचं घालायचो.

पिक्चरच्या मध्यावर एक प्रसंग होता. चौघे जण एका लोखंडी दाराआड लपलेले असतात. बाहेरून आवाज येतो, त्यांच्याच एका हरवलेल्या मित्राचा. 'मी आहे, दार उघड.' एकदाच. कॅप्टन सांगतो, उघडू नका, ते यंत्र आहे. त्या मित्राचा जोडीदार, एका हाताने थोटा असलेला मेकॅनिक, कडीपाशी जाऊन उभा राहतो. इथवर पदाजीकाका डोळ्यांची पापणीही न हलवता बघायचे. मेकॅनिकचा हात कडीवर गेला की ते उठायचे, चपला पायात सरकवायचे आणि खाली उतरून बसच्या थांब्यावर उन्हात उभे राहायचे.

"काका, बसा ना, आता तर खरी फायटिंग चालू होणार," फिटर ओरडायचा.

"तुमी बगा," काका जिन्यातूनच म्हणायचे. "आन मना सांगू नका. दाराम्हागं कोन हाय त्ये कोनी सांगाचा नाय."

एकदा फिटर थट्टेने सांगायलाच लागला, तर काकांनी दोन्ही कानांवर हात दाबून धरले. पन्नाशीचा माणूस लहान पोरासारखा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पुन्हा कोणी ती थट्टा केली नाही.

कंट्रोल रूमच्या पॅनेलवर इंटरकॉमचे आठ स्पीकर होते, एकेका विभागाचा एकेक. आठव्यावर चिकटपट्टी लावून 'बंद' असं लिहिलेलं. तो मागच्या टाकीघराखालच्या, व्हॉल्व्हच्या खड्ड्याचा. तो खड्डा माझ्या येण्याआधीच बुजवून टाकला होता. जेवणाच्या सुट्टीत सगळे कॅन्टीनला जायचे आणि पॅनेलवर एक माणूस थांबायचा. एके दिवशी काकांबरोबर मी थांबलो. दीड वाजला असेल. बाहेर लख्ख ऊन, आत एसीची घरघर. त्या चिकटपट्टीखालून खरवडल्यासारखा आवाज आला. कोणीतरी बोलण्यासाठी बटण दाबावं आणि आधी नुसता श्वास ऐकू यावा, तसा.

पदाजीकाका खुर्चीतून उठले, स्पीकरला कान लावला आणि म्हणाले, "ओ. बोल." मग वाट बघत उभे राहिले. फोनवर पलीकडचा माणूस कागद-पेन आणायला गेला असावा आणि आपण थांबून राहावं, इतक्या सहज. दोन-तीन मिनिटं गेली. काकांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मग ते खुर्चीत येऊन बसले आणि त्यांनी लॉगबुकात दीडचे आकडे लिहिले.

मी शिकलेला माणूस. भुताखेतांना आमच्या घरात थारा नव्हता. माझे वडील साताऱ्याहून येताना देवसुद्धा मोजकेच घेऊन आले होते. दुसऱ्या दिवशी मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन पॅनेलची मागची बाजू उघडली. म्हटलं, शेजारच्या तारेतून खरखर झिरपत असेल. आठव्या स्पीकरची तार शोधली. ती वीतभर अंतरावर कापलेली होती. दोन्ही टोकं टेपने गुंडाळून नीट बांधून ठेवलेली, पाच-सहा वर्षांची धूळ बसलेली. मी ती टोकं हातात धरून बसलो होतो, तेवढ्यात समोरून तोच श्वास आला. या वेळी त्याच्या शेवटी एक अक्षर होतं. मला ते 'प' ऐकू आलं. काय ऐकलं ते मी आजही छातीठोकपणे सांगणार नाही. घाबरलेल्या माणसाचे कान म्हणजे काही साक्षीदार नव्हेत.

"ओ," काका पलीकडून म्हणाले. मग मला हाक मारून, "तार कापलेली हाय ना, मास्तर? मीच कापली."

त्या दुपारी त्यांनी मला सांगितलं. आधी कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

गोमा त्यांच्या गावचा. दोघांनी एकाच होडीत वल्हं मारणं शिकून घेतलं, एकाच दिवशी कंपनीत अर्ज दिला. एके दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, गोमा त्या खड्ड्यात व्हॉल्व्ह बंद करायला उतरला. पॅनेलवर पदाजीकाका एकटे. आठव्या स्पीकरवर आवाज आला, 'पदा.' एकदाच.

"आमच्या आईनी शिकवलंता," काका म्हणाले. "खारीवर होडीत येकट्याला नावानी हाक आली तं ओ देव नको. पयली हाक आली, गप ऱ्हा. दुसरी आली, गप ऱ्हा. भुताना दोनच हाका मारता येतान. तिसरी मारतो तो मानूस. तिसरीला ओ दे."

 ही रीत मी आमच्याकडच्या म्हाताऱ्यांकडूनही ऐकली होती आणि तिला हसलोही होतो.

"मना भूत वाटला नाय रं. गोमाचाच आवाज व्हता, मना म्हायती. पन सवय. लानपनापास्नं आंगात बसलेली. येक हाक आली, मी गप. दुसरीची वाट बगली, तिसरीची वाट बगली. आकडं लिवत बसलो."

दहा मिनिटांनी त्यांना काटा वेगळा दिसला म्हणून ते गेले. खड्ड्यात वाफ भरली होती. गोमाचा हात इंटरकॉमच्या बटणाखालीच होता. चौकशी झाली, कागद झाले, कोणावर काही आलं नाही, कारण ती हाक फक्त एका माणसाने ऐकली होती. पुढे कित्येक महिने तो स्पीकर खरखरत राहिला. शेवटी काकांनी तार कापली.

"मंग थांबला का?" त्यांनी मलाच विचारलं आणि स्वतःच मान हलवली. "आता कोनी बी हाक मारू दे, नाय मारू दे. मी पयलीलाच देतो."

मी विचारलं, "आणि ते पिक्चर? त्रास होतो तर बघता कशाला?"

 ते म्हणाले, "त्या दाराम्हागं मशीन असंल तं माजा चुकला नाय. मानूस असंल तं मीनी मारला. दोनी सोसवाचा नाय मना. म्हनून तवरच बगतो."

हे पिक्चरबद्दल नाही हे मलाही कळत होतं. चंद्रावरच्या खाणीचा आणि महाप्याच्या खड्ड्याचा काय संबंध? पण काकांनी स्वतःचा निवाडा त्या कॅसेटवर सोपवला होता आणि निकाल ऐकायची त्यांची हिंमत नव्हती. निकाल मला माहीत होता. मेकॅनिक दार उघडतो. बाहेर त्याचा मित्रच असतो, अर्धा जळलेला. आत येऊन कोसळतो आणि मरण्याआधी यंत्र कसं थांबवायचं ते सांगून जातो. त्या एका उघडलेल्या दारामुळे बाकीचे वाचतात.

दोन वर्षांनी काकांना छातीचं दुखणं लागलं. रजा संपल्या, पगार अर्धा झाला, मग ते यायचेच बंद झाले. एका रविवारी सकाळी मी दिवाळ्याला गेलो. अंगणात बोंबील वाळत घातले होते. काकू पेल्यात चहा घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, "दिसभर ओ देत असतान. मी जवल बसून नाय म्हनतंय, कोनी बोलावला नाय. आयकत नाय."

काका खाटेवर होते. युनिफॉर्मशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. फार लहान दिसत होते. कंपनीच्या गप्पा झाल्या. काकू आत गेल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं. पाइपाला धरतात तसं, अख्ख्या पंजाने.

"मास्तर, आता सांग. दाराम्हागं कोन व्हता?"

वाटेत बसमध्ये मी याच प्रश्नाला घाबरत होतो आणि उत्तरही ठरवून आलो होतो. मरणाच्या दारातल्या माणसाशी खरं बोलून कोणाचं भलं होणार होतं? मी म्हणालो, "मशीन होतं, काका. मित्र आधीच मेला होता. मेकॅनिकने दार उघडायला नको होतं."

मला वाटलं, आता हे मोकळे होतील. मनगटावरची पकड सैल होईल. ती झाली नाही.

"मंग तो थोटा मेला?"

"मेला." एक खोटं बोललं की दुसरं आपोआप येतं.

काका छताकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरलो नाही. त्यांना त्या मेकॅनिकचा हेवा वाटत होता.

"पन उघरला त्यानी," ते म्हणाले. "मानूस हाय का मशीन हाय, त्ये उघरल्याबिगर कसा कलनार? काटा बगत ऱ्हायला नाय. हात लावला. मेला, पन सुटला तो."

मग त्यांनी माझं मनगट सोडलं आणि कूस बदलली. मी तिथे थोडा वेळ बसलो. खरं सांगून टाकावं असं दोनदा ओठांवर आलं. सांगून काय दिलं असतं? गोमा माणूस होता हे त्यांना माझ्याआधीच माहीत होतं. मी त्यांना सुटकेची वाट म्हणून यंत्र देऊ केलं आणि त्यांनी ते घेतलं नाही. आठ दिवसांनी ते गेले.

कंपनी पुढे बंद पडली. करमणुकीच्या खोलीतला टीव्ही कोणी नेला माहीत नाही; ती कॅसेट मात्र मी आणली. आता ते पिक्चर माझ्या मुलाने मला कॉम्प्युटरवर दिलं आहे. त्याला यंत्राच्या रबरी नळ्या दिसतात, स्फोटात पुठ्ठा उडालेला दिसतो. "बाबा, या फालतू पिक्चरमध्ये तुम्हाला एवढं काय आवडतं?" असं तो दर वेळी विचारतो. मी म्हणतो, फायटिंग चांगली आहे.

मेकॅनिक कडीला हात लावतो, तेव्हा मी कितीदा पाहिलेलं असलं तरी मला धास्ती वाटते की या वेळी बाहेर यंत्र असेल, मी सांगितलं होतं तसं. मग दार उघडतं आणि तो जळका माणूस आत पडतो. मेकॅनिक त्याचं डोकं मांडीवर घेतो. दोघं मिनिटभर तसेच राहतात. माणूसच होता तो, काका, माणूसच होता, असं मी मनातल्या मनात म्हणतो आणि पुढचं पिक्चर मला दिसेनासं होतं.