धागे कापता कापता बी.ए.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मी दोनदा आपटले होते. तिसऱ्यांदाही नाही जमलं तर पुस्तकं रद्दीत घालीन, असं चारचौघांत बोलून बसले. माझं तोंड हे असंच, डोक्याच्या पुढे पळतं.

पुस्तक उघडलं की मला झोप यायची. परराज्यात, नवागामच्या आमच्या खोलीत मी आणि सासूबाई दिवसभर धागा कटिंग करतो, म्हणजे भरतकामाच्या मशीनवरून आलेल्या साड्यांच्या उलट्या बाजूचे लोंबते धागे कापतो. हात गुंतलेले, कान मोकळे. म्हणून मोबाइल मसाल्याच्या डब्याला टेकवून मी राज्यशास्त्राचे, अर्थशास्त्राचे, तत्त्वज्ञानाचे हिंदी व्हिडिओ लावायला लागले.

सासूबाई आधी कुरकुरल्या. "दिनभर काय बडबड करस हाऊ मास्तर?" चौथ्या दिवशी मात्र मध्येच जाहिरात लागली, तर माझ्याआधी त्याच चिडल्या.

सामाजिक करार मला काही केल्या कळेना. माणसांनी म्हणे आपलं थोडं स्वातंत्र्य सोडलं आणि राज्य उभं राहिलं. पण सोडलं का? तीनदा व्हिडिओ मागे नेला. शेवटी सासूबाईंनी कात्री खाली ठेवली.

"आपला गल्लीना नळ देख. पयले मारामाऱ्या व्हयेत. मंग नंबर ठरनात. आते मनमानी गयी, पन पानी सगळासले मिळस."

नंबर ठरले, म्हणजेच करार! मला हसूही आलं आणि त्यांचा अभिमानही वाटला. मास्तरांना हे इतकं सोपं करून सांगता आलं नव्हतं.

परीक्षेत पहिलाच प्रश्न सामाजिक कराराचा आला, आणि माझं डोकं कोरं. मग लक्षात आलं, हात रिकामे आहेत. जे काही शिकले ते हात चालू असताना शिकले होते. पदर मांडीवर घेतला आणि काठाचे सुटे धागे चिमटीने उपटू लागले. दोन मिनिटांत मास्तरांचा आवाज आला, मागोमाग नळ आला, हंडे आले.

तेवढ्यात देखरेखीचे सरही आले. पदरात कॉपी लपवली असणार म्हणून त्यांनी तो झटकायला लावला. खाली पाचसहा धागे पडले.

"ये क्या है?"

"काम की आदत है, सर."

ते धाग्यांकडे बघत राहिले, मग हसू दाबत पुढे गेले. मी पानभर नळ लिहिला.

निकालाच्या दिवशी मोबाइल त्याच डब्याला टेकवला होता. पास. मला रडू फुटलं, आणि ते मी आवरलंही नाही. सासूबाई डोळे बारीक करून स्क्रीनकडे बघत होत्या. मग उठल्या आणि दारातूनच त्यांनी शेजारणीला हाक मारली, "आयक वं माय, आम्ही पास व्हयनूत."

स्क्रीनवर नाव माझ्या एकटीचं होतं. मी काही दुरुस्ती केली नाही.