मनीप्लँटला दिलेला पाइप

शेजारच्या सुनंदाताईंनी बाल्कनीतल्या मनीप्लँटला आधार म्हणून पत्र्याचा एक चकचकीत पाइप उभा केला आहे. तो त्यांच्या नव्या गॅस गिझरचा, विषारी वायू घराबाहेर नेणारा पाइप आहे.

"अहो काका, तो बसवायला टाइल फोडावी लागते. कंपनीचा माणूस फार भाव खात होता. आमच्या ओळखीच्याने अर्ध्या तासात गिझर लावला, शिवाय थंडी येते म्हणून न्हाणीघराचा झरोकाही बुजवून दिला!"

"आणि आत कोंडणारा वायू?"

"सकाळी सकाळी वकिली नको हं, काका."

दारावरच्या नक्षीसाठी आपण चांगल्या सुताराची महिनोन्‌महिने वाट पाहतो. श्वासाचे काम मात्र स्वस्तात उरकणाऱ्याच्या हाती देतो. याला काटकसर म्हणणे हा त्या शब्दाचा अपमान आहे. मी सोसायटीला तीन पत्रे लिहिली. तिन्हींची पोच मिळाली, उत्तर एकाचेही नाही. निष्काळजीपणाला कायद्यात शिक्षा आहे. पण ते कलम माणूस गेल्यावरच कोणाला तरी आठवते.

सुनंदाताईंची नात रोज सातला आंघोळीला जाते. भिंतीपलीकडे पाण्याचा आवाज थांबला की मी पेन खाली ठेवतो आणि न्हाणीघराची कडी निघेपर्यंत कान लावून बसतो.