देवापाशी ठेवलेले पट्टे

भाकरीमावशी आधी समोरच्याचे हात बघायच्या, मग तोंड. पहिल्याच भेटीत माझी वाढवलेली नखं पाहून म्हणाल्या, "ह्या हातांनी भाकरी नाय थापूक येवची." पक्षाघातानं त्यांचा स्वतःचा उजवा हात मांडीवर निपचित पडलेला, आणि बाई माझ्या हातांना नावं ठेवत होत्या. मला रागच आला होता.

मी परळच्या एका उपचार केंद्रात कामाला आहे. रुग्णांच्या दोन्ही मनगटांवर आम्ही सेन्सरचे पट्टे बांधतो. ते घालून रुग्ण आठवडाभर घरी वावरतात, आणि कुठला हात कधी, किती हलला याचं चित्र मी कॉम्प्युटरवर काढते. लालबागच्या चाळीत तांदळाच्या भाकऱ्या करून विकण्यात मावशींचा जन्म गेला होता. हात परत हवा होता तो त्यासाठीच.

माझ्या लाल-निळ्या रेघा त्यांना अजिबात पटेनात. "ह्या रेघांत माझो दिस खय आसा गो?" मग त्यांच्यासाठी मी दिवस गोल काढला. वर दुपार, खाली रात्र. हात ज्या वेळी हलला तिथे कड जाड. दर सोमवारी मावशी आपला गोल मागून घ्यायच्या आणि केंद्रातल्या बाकावर बसलेल्या सगळ्यांना दाखवायच्या.

उजव्या हाताच्या गोलाची कड मात्र बारीकच राहिली. सकाळी अकराच्या सुमाराला तर दोन्ही हात गप्प. मी ठरवून टाकलं, बाई झोपत असणार. तपासणीत पेला उचलायला सांगितला तरी त्या हट्टी. "रिकामो पेलो कित्याक उचलू?" म्हणून हात हलवायच्याच नाहीत. शेवटी डॉक्टर म्हणाले, हात आता एवढाच राहणार, उपचार थांबवू. मावशींनी एवढंच विचारलं, "म्हणजे आता भाकरी नाय?" डॉक्टरांच्या टेबलावर मीच काढलेला गोल होता. मला मान वर करवेना.

दोन दिवसांनी पट्टे परत आणायला मी त्यांच्या खोलीवर गेले. अकरा वाजले होते, दार उघडंच होतं. सून तव्याशी बसलेली, आणि मावशी परातीत भाकरी थापत होत्या. डावा हात थापत होता, उजवा हळूहळू कड वळवत होता. दोन्ही पट्टे देव्हाऱ्यात, वर जास्वंदीचं फूल.

"म्हागाचे पट्टे ते," मावशी म्हणाल्या. "पीठ लागात म्हणान काढून देवाकडे ठेवतंय."

"कधीपासून करताय भाकऱ्या?"

"महिनो झालो. कोणी इचारूकच नाय."

मी उंबऱ्यावरच बसले आणि रडले. मग दुधाच्या रिकाम्या पिशव्या गुंडाळून पट्टे त्यांच्या मनगटांवर बांधले. पुढच्या सोमवारी उजव्या हाताच्या गोलाची कड अकराच्या जागी चांगली फुगली होती. डॉक्टरांनी ती बराच वेळ पाहिली आणि उपचार चालू ठेवले.

पुढे दोन वर्षं मावशी आपल्या हातानं भाकऱ्या करत होत्या. मलाही शिकवल्या, माझ्या अजून फाटतात. गेल्या वर्षी दुसऱ्या झटक्यात त्या गेल्या. फार आठवण येते.

आता मी नखं वाढवत नाही. नव्या रुग्णाला पट्टा बांधताना आधी विचारते, "घरी कुठल्या कामाला बसताना हा काढून ठेवाल?" ते काम सांगता सांगता माणूस आपल्या दुबळ्या हाताकडे बघतो.