कांताबाईंच्या हातचं अळणी

वाडीच्या ट्रकतळाशी कांताबाईंचा तर्री-पोह्यांचा ठेला आहे. अमरावती रोडवरचे ड्रायव्हर तिथे सकाळपासून गर्दी करतात, दोन घासांतच नाक पुसू लागतात आणि वर आणखी तर्री मागतात. अशा बाईच्या हातचं एका कुत्र्यानं नाकारावं, हा सरळसरळ अपमान होता. कांताबाईंनी तो तसाच मनाला लावून घेतला.

कुत्रा मुळात त्यांचा नव्हताच. शेजारच्या खोलीत भाड्यानं राहणारा अश्विन नोकरीसाठी पुण्याला गेला आणि जाताना, "आठ दिवसांत नेतो, मावशी," म्हणून ब्रुनोला त्यांच्या दाराशी बांधून गेला. सोबत कुत्र्याच्या खाण्याचं अर्धं पाकीट. त्याला दोन महिने झाले. आता तर तो फोनही उचलत नाही. पाकीट संपल्यावर कांताबाई नव्या पाकिटाची किंमत विचारून आल्या आणि वाटभर बडबडत राहिल्या. एवढ्यात ठेल्याचे आठवडाभराचे पोहे आले असते! जनावर पाळायची हौस यांची आणि निस्तरायचं कुणी?

पण दाराशी बांधलेला जीव उपाशी ठेवणं त्यांच्याच्यानं होईना. इतवारीच्या बाजारातून त्या तांदळाची कणी आणत. कोंबडीवाला माना आणि पाय जवळजवळ फुकट देई. त्याला कांदा-लसणाची सढळ फोडणी, वरून तर्रीचा चमचा. ब्रुनो यायचा, हुंगायचा, शिंकायचा आणि पाठ फिरवून झोपायचा.

"काहून नाही खात गा? कोण्या राजाच्या घरचा आहे तू?" कांताबाई ओरडायच्या. तो एखाददुसऱ्या बिस्किटावर दिवस काढायचा. त्याच्या फासळ्या दिसू लागल्या, तेव्हा मात्र त्या त्याला ओढतच जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या.

काय खायला देता, असं डॉक्टर नंदिनीनं विचारलं. कांताबाईंनी मोठ्या अभिमानानं सगळं सांगितलं. डॉक्टरनं कपाळाला हात लावला.

"मावशी, कांदा-लसूण त्याला विषासारखं आहे. कणी आणि कोंबडीच द्या, पण नुसत्या पाण्यात शिजवून, हाडं काढून. तेल, तिखट, मीठ काही नको. असंच चाललं तर हा पंधरा दिवसही काढणार नाही."

"अळणी?" कांताबाईंचा आवाज चढला. "मुक्या जिवाले अळणी देऊ? काय पाप केलं त्यानं?"

घरी येईपर्यंत त्या धुमसत होत्या. 'अळणी' हा शब्दच त्यांना सहन होत नसे. चार वर्षांपूर्वी, किडनी खराब झाली तेव्हा, असाच एक डॉक्टर त्यांच्या नवऱ्याला, धोंडबांना, म्हणाला होता, चिमूटभरही मीठ नाही. धोंडबांनी थाळी सरकवली. "तुह्या हातचं असं खाण्यापरीस मेलेलं बरं," म्हणाले. कांताबाई तीन दिवस खंबीर राहिल्या. चौथ्या दिवशी त्यांनी भातावर वाटीभर तर्री ओतली आणि मग ती रोजच ओतत गेल्या. धोंडबा आनंदानं जेवले आणि आठ महिन्यांत गेले. दुखणंच मोठं होतं, असं लोक म्हणाले. कांताबाईही तेच म्हणत आल्या.

संध्याकाळी त्यांनी कणी शिजवली, मानांचं मांस सोडवून घातलं, लाल भोपळ्याची फोड टाकली. हात आपोआप मसाल्याच्या डब्याकडे गेला. तिखटाचा चमचा भरलाही. "एवढ्याशानं काय होते," असं त्या पुटपुटल्या आणि थबकल्या. तेव्हाही रोज त्या हेच म्हणायच्या. त्यांनी चमचा परत टाकला आणि डब्याचं झाकण आदळलं.

ब्रुनोनं हुंगलं. शिंकला नाही. मग असा तुटून पडला की ताटली चाटता चाटता भिंतीला जाऊन टेकली. कांताबाईंना आनंद व्हायला हवा होता. त्यांना भयंकर राग आला.

"पाहा, कसा खाऊन राहिला! याले कळते, अन् त्या माणसाले..."

आणखी दोन दिवस थाळी तशीच ठेवली असती, तर भुकेनं त्या माणसानंही खाल्लं असतं.

"मीच थांबली नाही," त्या म्हणाल्या.

मग पातेल्यात उरलेला भात त्यांनी आपल्याच ताटात काढून घेतला आणि एक घास तोंडात घातला. तो इतका काही वाईट नव्हता.