कालेक्येच्या गाईचं दूध

मक्याचे दाणे निवडावेत ते कालेक्येनंच. माकुएनी भागातल्या डोंगरउतारावर सून म्हणून आली तेव्हापासून ती सूप मांडीवर घेऊन दारात बसायची. बोटं अशी चालत की वाटेनं जाणारा घटकाभर थबकून बघत राही. हिरवट डाग पडलेला दाणा तिच्या उखळात कधी गेला नाही. बुरशीचा मका खाऊन पिवळी पडलेली, दगावलेली माणसं तिनं पाहिली होती.

त्या साली ऐन काढणीत पाऊस आला, त्यात कणीसचोरांचा सुळसुळाट. शेतात वाळत घालणार कसं? साऱ्या उतारानं केलं तेच तिनंही केलं. ओली कणसं पोत्यांत भरून खाटेखाली रचली आणि वर निवांत झोपली. पोती सोडली तेव्हा बरीच कणसं बुरशीनं हिरवी झाली होती.

ती तिनं वेगळी काढली. पण फेकायची? दुष्काळ सोसलेल्या बाईचा हात धजेना. तिनं ती गाईपुढे टाकली.

गाईनं खाणं कमी केलं, दूध आटलं. निघेल तेवढं नातीला, म्वेन्डेला. पोरीचं आईच्या अंगावरचं दूध नुकतंच तुटलेलं. गुरांचा डॉक्टर क्यालो हा कालेक्येच्या दिराचा मुलगा. गोठ्यात येताच त्यानं गव्हाणीतलं कणीस उचललं.

"काकू, हे तुम्ही खाल?"

"मला काय वेड लागलंय? म्हणून तर गाईला घातलं."

"आणि दूध कोण पितं?"

"म्वेन्डे. चांगलं उकळून देते हो."

"हे विष उकळून जात नाही. गाईच्या पोटातून दुधात उतरतं. गाईचं यकृत बिघडतं, पोरीचंही बिघडेल. वाढ खुंटते अशानं."

कालेक्येनं गव्हाणीतली कणसं बाहेर ओढली. "म्हणजे मी निवडून निवडून तिलाच पाजलं?"

"कणसं आज बंद करा. काही दिवसांत दूध निवळेल, तोवर एक थेंब देऊ नका. पोरीला उद्या दवाखान्यात दाखवू."

तिनं परसात खड्डा खणायला घेतला. शेजारचा न्झियोका कुंपणाला टेकला.

"वहिनी, पुरता कशाला? माझ्या कोंबड्यांना द्या."

"आणि त्या कोंबड्या कोण खाणार?"

"बरं, दारू तरी गाळतो."

"गाळ, पी आणि मर. मग तुझी बायको रडत माझ्याच दारात येईल."

न्झियोका हसला, पण हलला नाही. पाठ वळली की हा उकरून नेणार, हे ती ओळखून होती. तिनं कणसांवर शेणाची पाटी उपडी केली, पायानं कालवली, मगच माती लोटली.

संध्याकाळी म्वेन्डे दुधासाठी रडली. बाजरीची पेज तिनं थुंकून टाकली. कालेक्येनं तोंड पुसलं आणि बोट पुन्हा वाटीत बुडवलं.